आभाराचं बटण

मी एक जुनी राखाडी मोटार आहे, मित्रांनो, आणि खरं सांगते, माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही. राग मानू नका. माझा जन्मच संशय घेण्यासाठी झाला.

कारखान्यातून माझ्या बहिणी पोलिसांकडे गेल्या, तेव्हा त्यांना काळा-पांढरा रंग आणि डोक्यावर लाल दिवा मिळाला. माझा दिवा मात्र छतात दडवला आणि त्याचं बटण वर, आरशाजवळ बसवलं. साध्या गाड्यांत मिसळायचं आणि दांडगाई करणाऱ्याला रंगेहाथ पकडायचं, हे माझं काम. बहिणींना पाहून मुलं हात हलवायची. मला पाहून कोण हलवणार?

चहाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या हमरस्त्यावर मी वर्षानुवर्षं धावले. नीकुरा नावाचा तरुण पोलीस मला चालवायचा, शेजारी ओसाको साहेब बसायचे. साहेब म्हणायचे, "नीट चालवणारा एकतर सज्जन असतो, नाहीतर त्यानं आपल्याला ओळखलेलं असतं." मला त्यातलं दुसरंच खरं वाटायचं. पावाच्या गाडीवरसुद्धा माझा डोळा असायचा.

एका सकाळी उजव्या रांगेत एक पिटुकली पिवळी गाडी दिसली. तिच्या मागे एक धिप्पाड पांढरी गाडी अगदी चिकटून चालली होती. भोंगा काय, दिव्यांची उघडझाप काय! पिवळीला बाजूला व्हायला जागाच नव्हती, डावीकडे मालट्रकांची रांग होती.

"साहेब, दिवा लावू?" नीकुरानं विचारलं.

"थांब रे. कॅमेऱ्यात अजून येऊ दे. पुरावा कच्चा राहिला की हा साळसूदपणे सुटतो."

"पण ती गाडी हेलकावतेय, साहेब! आत म्हातारं माणूस दिसतंय."

"मला दिसतंय. पुढच्या बोगद्यापर्यंत धीर धर."

मीही मनात म्हटलं, धीर धर. लबाडाला पुरता अडकवल्याशिवाय मला चैन पडत नसे.

तेवढ्यात पांढरीच्या मागच्या एका मालट्रकनं वेग कमी करून आम्हाला उजव्या रांगेत घेतलं. आमच्याकडे कुणी वाट दिली की मागचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानायची रीत आहे. नीकुराचा हात उठला, आणि खटकन माझ्या छताचं झाकण उघडून लाल दिवा बाहेर आला!

पांढरी गाडी गोगलगाय झाली. मागे काय सरली, डाव्या रांगेत काय शिरली!

"अरे गाढवा! आभार मानायला लाल दिवा?" साहेब कडाडले.

"चुकलो, साहेब. सवयीनं हात गेला."

आम्ही पांढरीला थांब्यावर घेतलं. पुरावा अपुरा होता, म्हणून समज देऊन सोडावं लागलं. मी नुसती जळफळत होते. मग तिथेच येऊन थांबलेल्या पिवळ्या गाडीतून एक बाई उतरली. शेजारच्या आसनावर तिचे वडील संत्र्यांची पिशवी कवटाळून बसले होते. ती वाकून नमस्कार करत होती.

"चाकावर हात ठरेनात हो," ती म्हणाली. "दिवा दिसला नसता, तर त्या बोगद्यात आम्ही भिंतीवरच गेलो असतो."

साहेबांनी टोपी काढली. मग नीकुराला म्हणाले, "हात चुकतो माणसाचा. चल."

आता मी पोलीस ठाण्यामागे गवतात उभी आहे. चाकांतली हवा गेली आहे, लवकरच मोडीत निघेन. मित्रांनो, मोठे झालात की पुढच्या गाडीपासून लांब राहा. आत कुणाचे हात कापत असतील, ते मागून दिसत नाही.

आणि तो नीकुरा! त्याच्यावरही माझा संशय आहेच. आभाराचं बटण खाली, स्टिअरिंगच्या चाकाशेजारी होतं. त्या दिवशी त्याचा हात सरळ वर, आरशाकडे गेला होता.