घोळण्याचा पंचा

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. आज मला पाहिलेत तर पोतेरे समजाल, इतका मी विरलो आहे. पण माझा जन्म सोलापूरच्या मागावर झाला. पहिल्या धुण्यातच मी असा मऊ झालो की सुलोचनाआजींनी मला अंग पुसायला न ठेवता मानाचे काम दिले. घरात कुणाचा घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आले, की मला गार पाण्यात बुडवून कपाळावर ठेवायचे.

आजींचे चिरंजीव लक्ष्मीकांत केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची बदली चंदीगडला झाली, तेव्हा आजींच्या पिशवीतून मीही आलो. इथला हिवाळा कोरडा, त्यात दिवसभर हीटर. लक्ष्मीकांतांची मुलगी जाई आठ वर्षांची, इथल्या शाळेमुळे हिंदीतच बोलणारी. तिचे नाक आतून सुकायचे, खपली धरायची, आणि ती खपली ओरबाडल्याशिवाय तिला चैन पडायचे नाही. मग घोळणा फुटायचा. पंचा आणा, अशी हाक उठायची आणि सगळे घर माझ्यासाठी धावायचे. आजी तिची मान मागे करीत, फोडलेला कांदा नाकाशी धरीत, आणि मी कपाळावर ऐटीत पसरत असे. रक्त थांबले की श्रेय माझे. अंगावरचे तांबूस डाग मी पदकांसारखे मिरवले.

यंदा जाईच्या आईने, गिरिजाने, ते यंत्र आणले. पांढरे, गुबगुबीत, तोंडातून गार वाफ सोडणारे. त्याने खोलीत ओलावा राहतो म्हणे. जाईने त्याचे नाव गोलू ठेवले आणि सकाळी उठून ती त्याला गुड मॉर्निंग म्हणू लागली. मला आजवर कुणी नाव ठेवले नव्हते. नावे मात्र पुष्कळ ठेवली होती. घोळणा फुटेनासा झाला. माझी रवानगी बाथरूममधल्या खिळ्यावर झाली आणि एकदा गिरिजा म्हणाली, याचे आता फरशी पुसायला फडके करू. माझा तिळपापड झाला. गोलूची वायर उंदराने कुरतडावी, असे मी रोज चिंतू लागलो.

उंदीर काही आला नाही. पण एका शनिवारी गोलूला कुबट वास येऊ लागला, म्हणून गिरिजाने त्याला धुऊन बाल्कनीत वाळत ठेवले. दुपारी जाई बाथरूममध्ये नाक कोरत असताना रक्त आले. मी खूश झालो. आता हाक उठणार. पण तिने आतून कडी लावली. आजी करीत तसे मला भिजवून कपाळावर ठेवले आणि मान मागे टाकून ती गुपचूप बसून राहिली. मी कपाळावर आणि रक्त घशात. इतक्या जवळ असून मला काहीच करता येईना. थोड्या वेळाने तिला लालभडक उलटी झाली, ती रडू लागली आणि दार ठोठावले जाऊ लागले.

जवळच्या दवाखान्यात जाईच्या मुठीतून मीही गेलो. डॉक्टर ग्रेवाल मॅडमनी आधी तिला पुढे वाकवले, नाकाचा मऊ भाग दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरला, तोंडाने श्वास घे म्हणाल्या. दहा मिनिटे चिमटी सोडून पाहिले नाही. रक्त थांबले. मान मागे टाकली की रक्त पोटात जाते, उलटी त्यानेच झाली, असे त्यांनी समजावले. एवढे करूनही थांबले नाही, किंवा डोक्याला मार लागून रक्त आले, तर सरळ हॉस्पिटल गाठायचे. कांद्याचे आणि माझे नाव निघाल्यावर त्या नुसत्या हसल्या. वर गोलूचे कौतुक केले, फक्त रोज धुवा म्हणाल्या.

मग त्यांनी जाईला विचारले, कुणाला सांगितले का नाहीस?

"आजी बोलती है, घोळणा फुटला," जाई हळूच म्हणाली. "मुझे लगा मेरे हाथ से अंदर कुछ फूट गया है, सब डाँटेंगे. फूटी हुई चीज़ तो जुड़ती नहीं ना?"

आजींचा चेहरा उतरला. त्यांनी तिला पोटाशी घेतले. "अगं, ते नुसतं म्हणायचं असतं. बारीकशी शीर उकलते आणि आपली आपण मिटते."

"पक्का?"

"पक्का."

त्यानंतर तिची नखे वेळेवर कापली जाऊ लागली, झोपताना नाकात व्हॅसलिनचे बोट फिरू लागले. तरी जानेवारीत, इथल्या लोहडीच्या सणाला, शेकोटीपाशी घोळणा फुटलाच. आजी सवयीने मला घेऊन धावल्या. जाई पुढे वाकली, तिने नाक चिमटीत धरले आणि गेंगाण्या आवाजात म्हणाली, "आजी, रहने दो. पंचा बाद में."

गोलू परवडला, पण त्या दोन बोटांचा मला जो हेवा वाटला, तो अजून गेलेला नाही. दहा मिनिटे मी आजींच्या हातात नुसता लोंबकळत होतो. मग रक्त थांबले आणि जाईने ओठ, हनुवटी, डोळेसुद्धा माझ्यात पुसले.

मित्रांनो, तुमचा घोळणा फुटला तर पुढे वाका आणि नाक घट्ट धरा. घरच्यांपासून लपवू नका. मला शोधत बसू नका. मला नंतर बोलवा. पण बोलवा.