गौरीच्या रक्तातली टोकं

बेंबळीच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं होतं. यंत्र नवं, अजून चाचणीवरचं. रक्तातला निवळ थेंब काचेवर ठेवून त्यावर लेझरचा किरण सोडायचा. थेंबावरून परतणाऱ्या उजेडाचा आलेख संगणकावर उमटे. पांढऱ्या काविळीचे, म्हणजे हिपॅटायटिस बीचे, विषाणू असले, की त्यात वेगळी टोकं दिसत.

लॅब टेक्निशियन गौरी गावचीच. शिबिराचे प्रमुख शिवानंद सर म्हणाले, “ताडून बघायला एक निरोगी नमुना पाहिजे.”

“माझं रक्त घ्या की सर. ह्या काविळीच्या लशीचे तिन्ही डोस झालेत माझे.”

आलेख उमटला आणि सरांच्या कपाळाला आठी पडली. आजाऱ्यांच्या आलेखात असतात तशीच टोकं!

गौरी हसली. “यंत्राला प्रवास बाधला वाटतं.”

तिनं काच बदलली. पुन्हा तेच. सरांनी स्वतःचं रक्त लावलं, आलेख साफ. गौरीचं तिसऱ्यांदा लावलं, तरी टोकं जागची हलेनात.

“सर, मला साधी कावीळसुद्धा कधी झाली न्हाय!”

धाराशिवला नेहमीची रक्ततपासणी केली. यंत्र खरं तेच बोललं होतं.

“जन्मताना आईकडून आलं असणार,” डॉक्टर म्हणाले. “आधीच अंगात असलं तर लस काही करत नाही. आईला घेऊन या.”

गौरीच्या आईनं, विठाबाईनं, जन्मभर लोकांच्या रानात खुरपलं, दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती. तिच्यातही तोच विषाणू निघाला. लिव्हर निबर व्हायला लागलेलं.

“म्या दिलं व्हय तुला ह्ये?” तिनं विचारलं.

“माय, तुला तरी कुठं म्हाईत होतं?”

“ह्यात लिव्हर पार बिघडलं, की पोट फुगतं,” डॉक्टर म्हणाले. विठाबाई एकदम दचकली.

“बाबूदादा!”

तिचा थोरला भाऊ बाबू चाळिशीतच पोट फुगून गेला होता. दारूनं गेला, असं सगळा गाव म्हणाला. घरच्यांनीही तेच धरलं. बायको माहेरी निघून गेली ती परत आलीच नाही.

“त्यो शपथा घ्यायचा गं, म्या शिवत न्हाय म्हणून. आमी कुणीच ऐकलं न्हाय त्याचं.”

“आजीकडनंच आलं असंल तुमा भावंडांत. मावश्यांचंबी रक्त बघाया पायजे,” गौरी म्हणाली.

सकाळी विठाबाईनं आपल्या धाकट्या दोघी बहिणींना हाताला धरून शिबिरात आणलं. एकीचं रक्त साफ निघालं. दुसरीचं नाही. रोजची गोळी आता घरात तिघींना सुरू आहे.

आणि विठाबाई भेटेल त्याला थांबवून सांगते, “आमचा बाबू दारू पीत नव्हता.”