पांढऱ्या पट्टीची कॉलर

प्राचार्यसाहेब, त्या पोरीला तुम्ही कपडे बदलून यायला सांगितलंत. आवाज चढवला नाहीत, शिवी दिली नाहीत, वर 'बाळ' म्हणालात. म्हणून तुम्हाला वाटत असेल, आपण काही केलंच नाही. केलंत साहेब. काय केलंत ते आता ऐकून घ्या.

आदल्या संध्याकाळी ती मुलगी पलंगासमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती. घरात तिला बारकी म्हणतात. शाळा होती तोवर कपड्यांचा प्रश्नच नव्हता. गणवेश धुवायचा, वाळवायचा, घालायचा. कॉलेजात गणवेश नाही हे कळल्यावर तिच्या मैत्रिणी नाचल्या होत्या आणि ही घरातले कपडे मोजत बसली होती. पलंगावर सगळे मिळून तीन कपडे. एक मामेबहिणीने दिलेला टॉप, छातीवर चमचमती अक्षरं, त्यातली दोन गळून पडलेली. दुसरा आईचाच जुना कपडा आत घेऊन बेतलेला, अंगात घातला की बारकी त्यात हरवून जायची. आणि तिसरा बापाने शिवलेला.

बाप शिलाईच्या कारखान्यात आहे. तिथे एक माणूस अख्खा कपडा शिवत नाही. कोणी बाह्या शिवतो, कोणी खिसे, कोणी नुसती काजं करतो. हा कॉलर शिवतो. जन्म गेला, कॉलरच शिवतो. कापलेले तुकडे गठ्ठ्याने समोर येतात आणि कॉलर होऊन पुढच्या टेबलावर जातात. पुढे त्यांना अंग कधी फुटतं आणि ते कोणाच्या अंगावर जातं, हे त्याने कधी पाहिलं नाही. पाहायला उठला तर मागे गठ्ठे तुंबतात आणि मुकादम तोंड सोडतो. मुलीला प्रवेश मिळाल्याचं कळल्यावर कटिंग मास्तरने त्याला ठाणातला उरलेला तुकडा आपण होऊन दिला. मोरपंखी रंग, घट्ट वीण, धुऊन धुऊन हात दुखले तरी रंग सोडणार नाही असं कापड. त्यातून बापाने अख्खा ड्रेस शिवला. बाह्या दोनदा उसवल्या, पण कॉलर मात्र एका बैठकीत झाली. त्या कापडाला कित्येक महिने तो हीच कॉलर लावत आला होता: ताठ, टोकं किंचित गोल, कडेने पांढरी पट्टी. बोटं आपसूक तिकडेच वळली.

आता तो दाराशी बसून घरच्या शिलाई मशीनला तेल घालत होता. तेल दुपारीच घालून झालं होतं.

आईचं म्हणणं होतं, टॉपच घाल; पहिल्या दिवशी लोक जे बघतात तेच नाव पडतं.

"अक्षरं गळलीत त्याची," बारकी म्हणाली.

"मग दप्तर पुढे धर."

बारकीने मोरपंखी ड्रेस उचलला आणि अंगाला लावून आरशात पाहिलं. कॉलर गळ्याशी अशी बसली होती की मान आपोआप वर आली. हाच, असं ती म्हणाली. बापाने तेल भलत्याच भोकात ओतलं. आई म्हणाली, झालं, आता या माणसाचे पाय आठवडाभर जमिनीला लागायचे नाहीत.

सकाळी ती तुमच्या पुढच्या गेटशी पोचली, साहेब. इतर पोरापोरींना न अडवणाऱ्या रखवालदाराने हिच्या कॉलरकडे एकदा पाहिलं आणि मागच्या गेटने जायला सांगितलं. तो उद्धटपणे बोलला नाही. ही पण वाद घालत बसली नाही. तिला वाटलं, नव्या मुलांना मागून घेत असतील. शाळेतसुद्धा पहिल्या दिवशी असंच काहीतरी असायचं. ती मुकाट्याने भिंतीला वळसा घालून गेली.

मागे बादल्यांची रांग होती, आणि रांगेत दहाबारा बायका. सगळ्यांच्या अंगावर मोरपंखी कापड, घट्ट वीण, गोल टोकांची कॉलर, कडेने पांढरी पट्टी. बारकी जागच्या जागी थांबली. एका बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं, कौतुकाने म्हणाली, "नवीन लागलीस का ग? तुझा बरा बसलाय. आमचे मेले सगळे गोणपाट."

बारकीने सांगितलं की ती शिकायला आली आहे. बाईचं हसू मावळलं. तिने पाण्याने भरलेली बादली पायाने बाजूला सारली आणि हिला वाट करून दिली. "मग इथे कशाला थांबलीस? जा वर. आणि पुढे बस."

बारकी वर गेली आणि दुसऱ्या बाकावर बसायला निघाली, तेवढ्यात मॅडम आल्या. हातातल्या कागदांतून डोकं वर न काढता त्यांनी तिला सांगितलं की तेवढा फळा पुसून घे आणि जाताना दार ओढून घे. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं.

बारकीने फळा पुसला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक रेघ मागे ठेवली नाही. डस्टर जागेवर ठेवलं. दार ओढून घेतलं, पण आतून. आणि येऊन दुसऱ्या बाकावर बसली.

मॅडमचे कान लाल झाले. चूक त्यांची, पण राग आला पोरीचा. ही माणसं चुकली की दुसऱ्यावरच रागावतात. हे काय नाटक आहे, असं विचारून त्यांनी तिला तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही तिला बसायलाही सांगितलंत, खोटं कशाला बोलू. म्हणालात, तुमचं वैयक्तिक काही म्हणणं नाही, पण सफाई कर्मचाऱ्यांचे कपडे मुद्दाम वेगळे ठेवलेत, गैरसमज होतात, शिस्तीचा प्रश्न आहे. "उद्यापासून दुसरं काहीतरी घाल, बाळ. विद्यार्थिनीने विद्यार्थिनीसारखं दिसावं."

"म्हणजे कसं, सर?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय."

तिला कळत होतं. ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, पण तुम्ही फोन उचललात.

घरी बाप कारखान्यातून लवकर आला होता. त्याने विचारलं, ड्रेस कसा वाटला लोकांना. बारकी म्हणणार होती की छान वाटला. शब्द ओठांवर आलेही होते. पण तो पुढे म्हणाला, मास्तरला विचारून ठेवलंय, त्याच कापडाचा आणखी एक तुकडा मिळेल, म्हणजे आलटून पालटून घालायला होतील. मग तिला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, फळा पुसल्याचंसुद्धा.

आई तुमच्याबद्दल जे बोलली ते इथे लिहीत नाही. छापणाऱ्याची पंचाईत होईल.

बापाने एवढंच विचारलं, "त्या बायकांना कॉलर टोचते का ग? काम करताना?"

"नाही टोचत, बाबा. बाकीचा ड्रेस बेकार आहे. कॉलर चांगली आहे."

त्याने मान हलवली. पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाचा ठिकाणा लागला होता, आणि तो असा लागला होता. मग उठून त्याने खुंटीवरचा ड्रेस काढला, उजेडाशी नेला आणि ब्लेडने पांढरी पट्टी उसवायला घेतली. दुसरी साधी कॉलर लावतो, म्हणाला, कोणाला कळणार नाही. कॉलरचा टाका उसवायची त्या हातांना सवयच नव्हती. धागा एकदम निघेना. आपण शिवलेलं इतकं पक्कं असतं हे त्याला त्या क्षणी कळत होतं.

बारकीने ब्लेडवर हात ठेवला.

"राहू दे."

"लोक हसतील, पोरी."

"हसून झालेत. उद्या ते जुनं होईल."

"साहेबांनी सांगितलंय ना?"

"साहेबांना मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर नाही दिलं."

बापाने तिच्याकडे पाहिलं. निघालेला बोटभर धागा त्याने दाताने तोडला आणि ती पट्टी परत होती तशी शिवली.

दुसऱ्या दिवशी ती तोच ड्रेस घालून पुढच्या गेटशी आली. रखवालदाराने मागचं गेट दाखवलं. तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने वर फोन लावला आणि तुम्ही स्वतः खाली आलात. झाडायला निघालेल्या दोन बायका पायऱ्यांवर थबकल्या. तेव्हा तिने तुम्हाला सगळ्यांच्या देखत विचारलं:

"सर, ह्या आणि मी सारख्याच दिसलो, तर तुमचं नेमकं काय बिघडतं?"

तुम्ही घड्याळ पाहिलंत. मीटिंग आहे म्हणालात आणि पायऱ्या चढून गेलात. त्या दोन बायकांना बाजूला व्हावं लागलं.

पहिला तास सुरू झालाय साहेब, आणि ती अजून गेटबाहेर उभी आहे. मागच्या गेटने जायला तिचा जीव जात नाही; त्या बायका रोज जातात. पण तुम्ही पाठवलंत म्हणून ती जाणार नाही. तिने साधा प्रश्न विचारलाय. खाली या, आणि तिच्या तोंडावर सांगा, काय बिघडतं?