रिकामी चौकट

ग्रीसमधल्या अग्रिनिओत चारी इंडिकेटर लुकलुकत असतील, तर गाडी उभी आहे असं कोणी धरत नाही. मग ती झेब्रा पट्ट्यांवर असो, फुटपाथवर असो, नाहीतर शाळेच्या फाटकात. ती नुसती ‘आलोच’ म्हणत असते. असा नियम कायद्यात कुठेही नाही, हे लेफ्तेरीस कानाकारीसला गावात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, कारण तो वकील होता. रोज सकाळी आठ वर्षांच्या मुलीला, मेल्पोला शाळेत सोडताना तो हाच नियम इमानेइतबारे पाळत असे.

शाळेच्या गल्लीत सकाळी गाड्यांच्या दोन रांगा लागत. आईबापांना घाई असली की तीन. गेल्या आठवड्यात एका चाकाखाली दप्तर चिरडलं. दप्तराला खांदे जोडलेले नव्हते, म्हणून सगळ्यांनी छातीवर क्रूस रेखला आणि दुसऱ्या दिवशी गाड्या तिथेच लावल्या.

मुख्याध्यापिका आर्गिरोबाई गल्ली बंद करा म्हणून नगरपालिकेला पत्र लिहायला बसल्या होत्या. पालक संघाचा वकील या नात्याने लेफ्तेरीसने त्यांना वेळीच आवरलं.

“बाई, लिहिलंत की धोका तुम्हाला माहीत होता असं होतं. माहीत असून काही घडलं, तर पहिली मान तुमची.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर कोणालाच माहीत नव्हतं.”

“अहो, सगळ्यांना माहीत आहे.”

“तोंडी,” लेफ्तेरीस म्हणाला.

आणि सोमवारी, फाटकासमोरच्या फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांच्या अगदी टोकाशी घुमटी उगवली. लोखंडी पायांवर पत्र्याची पेटी, वर क्रूस, पुढे काचेचं दार. रस्त्यावर माणूस जातो तिथे घरचे अशी घुमटी बसवतात. आत तेलाचा दिवा, एखादा संत आणि गेलेल्याचा फोटो. या गल्लीत तर कोणी गेलं नव्हतं. दिवा होता, संत होता. फोटोची चौकट मात्र रिकामी होती. नुसतीच काच.

लोक गाडीतून उतरून वाकून बघत, क्रूस रेखत. घुमटीसमोर गाडी लावायची कोणाची छाती होईना. ते थोडं पुढे, पट्ट्यांवर लावू लागले.

आर्गिरोबाईंनी फोन केला. “वकीलसाहेब, हे अजून तोंडीच धरायचं का?”

घुमटी बसवली होती ती शाळेसमोरच्या घरातल्या स्तामाताआजींनी. लेफ्तेरीस गेला तेव्हा त्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीत शेंगा मोडत बसल्या होत्या.

“आजी, ही घुमटी कोणाची?”

“अजून ठरलं नाही.”

“माणूस गेल्यावर लावतात ती.”

“मला शिकवतोस? आमच्या ह्यांची नाही का लावली हायवेला. केवढी धावपळ झाली तेव्हा. पत्रेवाला मिळेना, रडू आवरेना. म्हटलं, या खेपेला आधीच उरकून ठेवावं.”

“काढून टाका. उद्या काही झालं, तर हाच पुरावा होईल.”

“काय व्हायचंय उद्या?”

लेफ्तेरीसने खाली घुमटीकडे पाहिलं. आजींनी एक शेंग मोडली.

“तूच काढ. चार बोल्ट आहेत. गाडी कुठे लावायची ते काही तुला सांगायला नको.”

रात्री क्रूस उपटताना कोणी पाहिलं, तर वकिली बुडाली असती. सकाळच्या गर्दीत मात्र कोणीच कोणाकडे बघत नाही, प्रत्येकजण आपल्यापुरती फट शोधत असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेच्याच वेळी त्याने गाडी पट्ट्यांवर, घुमटीला आड होईल अशी आणली. चारी इंडिकेटर लावले.

“मेल्पो, सरळ फाटकात जा.”

“बाबा, तू काय करतोयस?”

“काही नाही. आलोच.”

ती पलीकडे गेली. तो पाना घेऊन गुडघ्यांवर बसला, आणि मेल्पोच्या उंचीवरून त्याला ती गल्ली पहिल्यांदाच दिसली. बॉनेट, नंबरप्लेट, पुन्हा बॉनेट. रस्ता कुठेच नव्हता. त्याने मान खाली घातली. पहिला बोल्ट निघाला, दुसरा, तिसरा.

आता चौकट बरोबर त्याच्या तोंडासमोर होती. काचेत आधी तो स्वतः दिसला. मग त्याच्या पाठीमागे, त्याच्या गाडीच्या पुढची फट. फटीपलीकडे, फाटकाशी लावलेल्या दोन गाड्यांच्या मधून, मेल्पो.

“बाबा, माझा डबा!”

डबा मागच्या सीटवर राहिला होता. गल्लीच्या वरच्या टोकाकडून एक व्हॅन येत होती, उशीर झालेल्या माणसाच्या वेगाने. लेफ्तेरीसच्या गाडीला वळसा घालायला तिला फाटकाच्या बाजूलाच जावं लागणार होतं. तिथे दोन गाड्यांच्या मधलं मूल कोणत्याच ड्रायव्हरला दिसलं नसतं. अशा वेळी जबाबदार कोण, ते त्याला कलमासकट आठवलं.

वर आजींच्या गॅलरीत शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

मेल्पोने रस्त्यावर पाऊल टाकलं. लेफ्तेरीसने ओरडायला तोंड उघडलं, पण काचेकडे तोंड करूनच. आत, संताच्या शेजारी, दिव्याच्या उजेडात त्याच्या मुलीचा चेहरा चौकटीत नेमका बसला होता.

पाठीमागे गाडीचे चारी इंडिकेटर लुकलुकत होते. म्हणजे गाडी तिथे उभी नव्हती.