वीस अधिक चार

मला कुणी शिकवलेलं खपत नाही. त्यातून ज्याला कॉम्प्युटर चालू करता येत नाही, त्याने शिकवलेलं तर मुळीच नाही.

पंढरीकाका आमच्या कल्याणच्या गोदामात बावीस वर्षं स्टोअरकीपर. ठाण्यापर्यंतच्या दुकानांना इथूनच माल जातो. मला सिस्टीमवरची ही नोकरी त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली, आणि ते चारचौघांत कधी बोलूनही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर निदान राग धरायला कारण मिळालं असतं.

केसांच्या तेलाचा एक खोका म्हणजे चोवीस बाटल्या. कंपनीने कळवलं की पुढच्या आठवड्यापासून खोक्यात वीसच येतील. आमची सिस्टीम माल बाटल्यांत धरते आणि खोक्यांत दाखवते. म्हणून नियम असा, की जुना माल संपेपर्यंत जुना आकडा हलवायचा नाही, नव्या खोक्यांना नवा कोड द्यायचा. नव्या कोडसाठी ढीगभर रकाने भरायचे आणि मुख्य ऑफिसची मंजुरी येईपर्यंत बसून राहायचं. त्या दिवशी डोंबिवलीत माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता.

"पोरी, जुने तीनशे खोके पडलेत हां," काका दारातूनच म्हणाले. "ते जाऊ दे आधी. नायतर नवा कोड कर."

"माहितीये मला, काका."

माहीत होतंच. तरी मी चोवीस खोडून वीस टाकले आणि साडेतीनला निघाले. त्यांनी सांगितलं नसतं तर कदाचित नीट केलं असतं.

चार दिवसांनी मोजणी झाली. तेलाचे खोके तीनशेच्या तीनशे जागेवर होते, पण सिस्टीम तीनशे साठ दाखवत होती. बाटल्या तेवढ्याच, सात हजार दोनशे. फक्त आता त्यांना चोविसाऐवजी विसाने भाग जात होता. मला बघताक्षणी कळलं. मॅनेजर हितेश सरांना कळलं नाही, कारण आकडे कुणी कधी बदलले ते कुठे बघायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

"साठ खोके गेले कुठे, पंढरी?" त्यांनी सगळ्या हमालांसमोर विचारलं.

काकांनी तीनदा मोजलं, प्रत्येक खोक्यावर तळवा टेकवत. मग माझ्या टेबलाशी आले.

"कल्पिता, तू आकडा नाय ना बदललास?"

"नाही काका. नवा कोड केला मी."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. थोडा तरी संशय घ्यायचा होता त्यांनी, म्हणजे मला भांडता आलं असतं.

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझा मलाच भरवसा नाय."

मला दया आली. खोटं कशाला बोलू, खूप आली. पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

पोलिसांत जात नाही, लिहून द्या आणि घरी बसा, असं सर म्हणाले. काकांना निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांना बारीक ओळी नीट दिसत नव्हत्या म्हणून पत्र मीच लिहिलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे साठ खोके गहाळ झाले.' मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, बोट ठेवून सही कुठे करायची तेही दाखवलं. जाताना ते म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."

खाडीकडच्या त्यांच्या गावात जत्रेची पातेली आणि पराती मोजून ठेवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. भांड्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. त्या वर्षी पंचांनी किल्ली मागून घेतली. कुणी वावगा शब्द बोललं नाही म्हणे, नुसती मागितली.

सरांनी साठ खोके कमी दाखवून टाकले आणि जुना माल हळूहळू दुकानांत जाऊ लागला. बिलात खोक्याला वीस बाटल्या, खोक्यात चोवीस. एक बाटली कमी निघाली तर दुकानदार गोदाम डोक्यावर घेतात. चार जास्त निघाल्या तर कुणाला फोन करावासा वाटत नाही. दोन महिने एकही फोन आला नाही.

मग एक आला. काकांचा. त्यांच्या भाच्याचं, गोविंदाचं, ठाण्याच्या नौपाड्यात दुकान आहे. तिथे ते आता माल फोडायला बसत होते.

"पोरी, सापडलं!" त्यांना धाप लागली होती. "बिलात खोक्याला वीस लिवलंय, आणि आत चोवीस निघाल्या! मी तीनदा मोजल्या, गोविंदानेपण मोजल्या. जुन्या मालावर नवा आकडा बसलाय बघ कुठेतरी. माझे साठ खोके गेलेच नव्हते गं!"

इतका आनंदी आवाज त्यांचा मी कधीच ऐकला नव्हता.

"काका," मी म्हटलं, "ती स्कीम आहे. वीसवर चार फ्री."

मागे कुणीतरी गोविंदाकडे अर्धा किलो साखर मागत होतं.

"स्कीम," ते म्हणाले. "असं होय."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू? मघाशी घटकाभर मला वाटलं, तूच बदललास आकडा. तुझ्या बापाएवढा मी, आणि तुझ्याबद्दल असं मनात आणलं. माफ कर हां पोरी."

"जाऊ द्या काका, होतं असं," मी म्हटलं, आणि त्यांना माफ केलं.