शिदूच्या चिंधीवरचा पंजा

वडिवळ्याच्या माळावर त्या सकाळी एवढी माणसं जमली होती, की लांबून मला वाटलं कुस्त्यांचा फड लागलाय. पण फडात माणसं ओरडतात. इथं सगळे चिडीचूप उकिडवे बसले होते, आणि मधोमध धुनी धगधगत होती. धुपाचा असा लोट उठला होता की जवळ जाताच डोळ्यांतून पाणी यावं.

मी देवी टोचणारा. मावळातल्या गावांतून पोरांना देवीच्या रोगाची लस टोचत फिरायचं, ही माझी सरकारी नोकरी. लोक मला देवीडॉक्टर म्हणत आणि मी शिवेवर दिसलो की आया पोरं घेऊन कणगीमागं लपत. एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसची ही गोष्ट. त्या दिवशी चावडीत एकही पोर आलं नाही, तेव्हा पाटील कुठं म्हणून मी विचारलं. "माळाव गेल्यात, जहाजबुवाच्या दर्शनाला," असं उत्तर मिळालं. मग मीही पिशवी खांद्याला लावून तिकडं निघालो.

जहाजबुवा म्हणजे अंगापिंडानं भरलेला, तेलकट जटांचा माणूस. त्याच्यापुढं काचेचा वाडगा होता आणि त्यात केशरी-तांबूस पाणी. हे म्हणे सात समुद्रांचं तीर्थ. तांब्या-पितळेचं भांडं समुद्राला चालत नाही, म्हणून काचेचं.

"ऐका, लेकरांनो!" बुवा गरजला. "आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीन दरवाजे हायती. एक कुदळीचा, एक पाटीचा, एक चुलीचा. कुदळवाल्याला रेल्वेचं काम. पाटीवाल्याच्या पोराला गोऱ्यांच्या शाळेत इद्या. चूलवाल्याला जमीन, घर, कायमचा मुक्काम. दरवाजावर साहेब उभा असतो. सरकारी कागद दाखवा, तो फाडून फेकतो. माझ्या सागराई देवीचा शिक्का दाखवा, टोपी काढून सलाम ठोकतो!"

हा साहेब सागराईचा भक्त केव्हा झाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आदल्या दिवशी बुवानं ज्याला त्याला आपल्या कफनीची म्हणून एकेक धुवट पांढरी चिंधी दिली होती. रात्रभर ती घरात देवाजवळ ठेवायची आणि सकाळी आणायची. आता एकेकाची चिंधी वाडग्यात बुडत होती आणि बाहेर येताना तिच्यावर काळंनिळं चित्र उठत होतं. गेणूच्या चिंधीवर कुदळ उठली. भिमाजीच्या चिंधीवर कुदळ. अंबाजी पाटलांच्या पोराला मात्र पाटी उठली. सागराईला गावातला मान बरोबर ठाऊक होता! जितके दंडानं दणकट, तितक्या कुदळी. म्हाताऱ्यांच्या चिंध्या कोऱ्याच राहिल्या.

बाजूला काळी टोपी आणि आखूड कोट घातलेला मुंबईचा मुकादम बैलगाडीला टेकून उभा होता. कुदळ उठली की तो त्या गड्याचा दंड चाचपून बघे आणि त्याला गाडीकडं बसवी. पहिली खेप पावसाळ्याआधीच गेली होती. तिच्यात झुंबरबाईचा एकुलता एक नथू होता. नथूची काही खबर नव्हती, पण झुंबरबाई बुवाच्या अगदी पायाशी बसली होती आणि प्रत्येक कुदळीला हात जोडत होती.

मला धुपातून दुसराही एक वास येत होता. ओळखीचा वास. पण तो कशाचा, हे डोक्यात उतरायच्या आत ठाकरवाडीचा शिदू पुढं झाला.

शिदू म्हणजे माळावरचा सर्वांत तगडा गडी. त्याच्या मागं त्याची बायको हिरी, काखेत वर्षाचं पोर. शिदूनं चिंधी दिली. बुवानं ती बुडवली, वर काढली आणि उलगडली.

कुदळ उठली होती. आणि कुदळीवर आडवा, पाचही बोटांचा, काळा पंजा उठला होता.

कुणीतरी किंचाळलं. पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर पडली. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. बुवाही चिंधी उलटसुलट करून बघत राहिला. हे चित्र त्याच्या हिशेबात नव्हतं. पण असली माणसं लवकर सावरतात.

"चेटूक!" तो ओरडला. "देवीनं वाट उघडली आन कुणीतरी आडवा हात घातला! बाईचा हात हाय ह्यो! ह्या चिंधीला कोन शिवलं?"

शिदूनं मागं वळून पाहिलं. त्याचं ते पाहणंच पुरलं.

हिरीचं तोंड पांढरंफटक पडलं. ती पुटपुटली, "माजाच हात हाय त्यो." मग एकदम रडत म्हणाली, "म्या मनात म्हनले व्हते, ह्यास्नी जाऊ देऊ नगं. तेवडंच म्हनले व्हते वो!"

बस्स. एवढं गावाला पुरे झालं. काल जिच्या हातची रानभाजी सगळ्यांनी बाजारातून नेली, ती आता चेटकीण ठरली.

"हिच्यामुळं सगळं जहाज बुडंल!" झुंबरबाई ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. "माजा नथू पान्याव हाय! हिला सोडू नगा!"

बुवा म्हणाला, "ज्या हातानं वाट आडवली, त्यो हात धुनीवर धरा. कातडं जळंल तसा पंजा जाईल. न्हाईतर गेलेल्यांतला एकबी माघारी यायचा न्हाई."

दोघा बायांनी हिरीच्या काखेतलं पोर ओढून घेतलं. ते टाहो फोडू लागलं. दोघा गड्यांनी तिचं मनगट धरलं. शिदू जागच्या जागी उभा. त्याला ओरडायचं होतं हे दिसत होतं, पण देवीपुढं ओरडायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. हिरी आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. पण ती स्वतःच्या तळहाताकडं असं बघू लागली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मला सगळ्यांत भीती वाटली ती त्या बघण्याची. तिनं निकाल मान्य केला होता.

मी पुढं घुसलो. "थांबा! तिचा हात जाळायचा तर आधी मला एक विचारू द्या."

"तू मदी पडू नगंस, देवीडाक्तर," कुणीतरी म्हणालं. एक ढेकूळ माझ्या कानाजवळून गेलं. मी पाटलांकडं पाहिलं. "आबा, एक सवाल. मग तुमचं तुम्ही बघा."

अंबाजी पाटील तापट, पण पोराच्या पाटीमुळं तेव्हा खुशीत होते. त्यांनी हात वर केला आणि गडी थांबले. धुनी हिरीपासून हातभर लांब होती.

"हिरी, चिंधी रात्री कुठं ठेवली होती?"

"देवाची वस्तू हाय, म्हून तांदळाच्या मडक्याव ठिवली. आमच्यात तसंच ठिवत्यात."

"आणि सकाळी?"

"भात शिजिवला, पेज गाळली. पोराला पेज पाजली. मडक्यातनं अजून तांदूळ काडायचं व्हतं, म्हून चिंधीव हात टाकून ती उचलली. हात वलाच व्हता."

"कशानं ओला?"

"पेजंनं."

तेव्हा तो वास माझ्या डोक्यात उतरला. मी वाडग्यापाशी वाकलो आणि नाक लावलं. मग बुवाची बोटं पाहिली. शेंडे तपकिरी. त्या डागांना तो केशराचा प्रसाद म्हणत होता. माझीही बोटं तशीच असतात. कारण सुई मारण्याआधी दंडाला जे टिंचर आयोडीन लावतो, त्यानं बोटं तपकिरी होतात.

"कुणाच्या फडक्यात शिळा भात आहे?" मी विचारलं.

"तीर्थाला शिवू नगंस! समुद्र खवळंल!" बुवा उठू लागला.

"खवळू द्या. इथून तो घाटाखाली आहे, वर यायला वेळ लागेल."

कुणीतरी भीत भीत हसलं. त्या हसण्यानं मला जरा धीर आला. गेणूनं सोडलेल्या फडक्यातून मी भाताचं ढेकूळ घेतलं आणि सरळ वाडग्यात टाकलं. पांढरा भात बघता बघता काळानिळा झाला, अगदी कुदळीच्या रंगाचा.

पुढच्या रांगेतली माणसं वाडग्यावर वाकली.

"आबा, तुमच्या फेट्याला परटानं खळ दिली आहे ना? जरा त्याच्या टोकाचा शेव द्या."

पाटलांनी नको नको म्हणत शेव पुढं केला. कडक, खळ दिलेला, ऐटबाज शेव. मी तो बुडवला. बाहेर आला तो काळाकुट्ट.

"झालं!" मी म्हणालो. "पाटलांचा फेटा आफ्रिकेला चालला. आता कुदळीचा दरवाजा की चुलीचा, ते बुवाला विचारा."

मग मी गड्यांना सांगितलं, "आता कुणाच्या घरची पेज आणा. आणि एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर."

पेज आली. मी पाटलांना म्हटलं, "हात बुडवा, आबा, आणि धोतरावर ठेवा."

पाटलांनी धोतरावर हात उमटवला. वाऱ्यावर ते वाळलं, तेव्हा त्यावर काही दिसेना. मग मी माझ्या पिशवीतून टिंचरची बाटली काढली, ओंजळभर पाण्यात थोडं ओतलं आणि ते धोतरावर शिंपडलं. पाच बोटांचा काळा पंजा सगळ्यांसमोर उठला. हिरीच्या पंज्याहून चांगला दुप्पट मोठा.

"बघा. आता पाटीलही चेटूक करतात का? मग त्यांचाही हात धुनीवर धरणार?"

पाटलांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. मग हिरीच्या. मग ते त्या दोघा गड्यांवर खेकसले, "सोडा तिचं मनगट! मुडद्यांनो, सोडा म्हनतो ना!"

हिरी जमिनीवर बसली. पोर तिच्या मांडीवर आलं तेव्हा शिदू तिच्या शेजारी येऊन टेकला, पण तिला शिवायला धजावला नाही. त्याला लाज वाटत होती. वाटायलाच हवी होती.

मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यात देवी नाही. तांदळात जे पीठ असतं, त्याला हे टिंचर लागलं की ते काळंनिळं होतं. पेज असो, भात असो, परटाची खळ असो. हा माणूस लाकडाचे ठसे पेजेत बुडवतो आणि चिंधीवर मारतो. वाळलं की दिसत नाही. ज्याला न्यायचं त्याला ठशाची चिंधी, ज्याचा उपयोग नाही त्याला कोरी. पितळेचं भांडं का नको, तर टिंचर पितळेला खातं. आणि एवढा धूप कशाला, तर टिंचरचा वास लपावा. मावळात घरोघर भात शिजतो, हे तो विसरला. हिरीच्या हाताला फक्त पेज होती."

बुवाची झोळी गेणूनं उपडी केली. लाकडाचे तीन ठसे, वाळलेल्या पेजेनं माखलेले, आणि टिंचरची मोठी बाटली. हसू, शिव्या, सगळं एकदम उसळलं. मुकादमाची आठवण झाली तेव्हा बैलगाडी होती, मुकादम नव्हता. एक वहाण तेवढी चाकाशी पडली होती.

लोक बुवाला बडवायला धावले. मी आणि पाटलांनी त्याला कसाबसा वाचवला, कारण तो बोलायला हवा होता. पण त्याला विचारलं ते आम्ही नाही, झुंबरबाईनं. ती गर्दीतून सरळ त्याच्यापुढं गेली. मघाचा आवाज गेला होता.

"माजा नथू कुटं हाय?"

"मला ठावं न्हाई, माय. म्या फकस्त लोनावळ्याच्या ठेसनापातुर आनून देतो. म्होरं मुकादम जानं."

"कंच्या जहाजात बसवला?"

"ठावं न्हाई."

"साहेबानं शिक्का बगितला का?"

बुवानं मान खाली घातली. झुंबरबाई माझ्याकडं वळली. तिच्या नजरेत राग होता, आणि तो बुवावर नव्हता. चिंधी खरी असती तर तिचा नथू आफ्रिकेत रेल्वेवर असता. ती मी खोटी करून दाखवली होती. हिरी उठली, पोर कडेवर घेऊन झुंबरबाईपाशी गेली आणि तिच्या शेजारी बसली.

बुवाला आम्ही लोणावळ्याच्या पोलिसांच्या स्वाधीन केलं. फौजदारानं मुंबईला विचारणा केली. परदेशी जाणाऱ्या मजुरांची तिथं नोंद होते, म्हणून मी फार आशा धरली होती. उत्तर आलं, की नथू नावाचा वडिवळ्याचा मनुष्य कुठल्याही बोटीनं गेल्याची नोंद नाही.

मी परदेशी जाऊ नका असं कधी म्हणत नाही. काम करायला जा, शिकायला जा, तिकडं चूल मांडून राहायचं असेल तर तेही करा. पण जाण्याआधी विचारा. कोण बोलावतो? काम काय? मजुरी कोण देणार? आजारी पडलो, मालकानं मारलं, तर परत कोण आणणार? सरकारी परवाना मिळवायला खेटे घालावे लागतात, साहेबाची बोलणी खावी लागतात, हे मला ठाऊक आहे. तरी त्यावर माणसाचं नाव असतं, बापाचं नाव असतं, गाव असतं. तो हरवला तर कुणाला शोधायचं हे जगाला कळतं. देवीच्या नावानं कुणी दरवाजा उघडू लागला, की हात जोडण्याआधी त्याची बोटं बघा, त्याच्या भांड्यात भात टाकून बघा. खरी गोष्ट असेल तर ती भातानं बिघडणार नाही.

शिदू ठाकरवाडीतच राहिला. पुढल्या खेपेला मी देवी टोचायला गेलो, तेव्हा हिरी पोर घेऊन आपण होऊन पुढं आली. मी दंडावर टिंचर लावलं तेव्हा तिनं वास घेतला आणि हसली.

तिच्या मागं झुंबरबाई उभी होती. तिच्याकडं टोचायला पोर नव्हतं. नथूची चिंधी तो जाताना घेऊन गेला होता. त्या चिंधीवर एक कुदळ होती, दुसरं काही नव्हतं. मी पिशवी बांधायला लागलो, तशी ती पुढं आली आणि म्हणाली, "डाक्तर, त्या चिंदीव त्याचं नाव तरी लिवलं असतं."