डावा कोपरा

आरशाची कड एका जागी उडालेली होती—नेमका तिथेच अंगठा ठेवून तिनं तो धरला, आणि खोलीतला दिवा मालवून डॉक्टरांनी निळा प्रकाश तोंडावर टाकला तेव्हा खालच्या ओठावर, सकाळी रोग उजळवणारं मलम चोपडलेल्या जागी, तांबूस गुलाबी काहीतरी पेटलं. हाच तो. ज्याचं नावसुद्धा सगळे दबक्या आवाजात घेतात तो कॅन्सर इतका देखणा दिसावा, याचा तिला मनस्वी राग आला.

"नुसत्या डोळ्यांना वाटाण्याएवढा दिसत होता," डॉक्टर म्हणाल्या, "पण चकाकी बघा, पार डाव्या कोपऱ्यापर्यंत गेलीय. तेवढं सगळं गोठवून मारावं लागेल."

"आणि शिट्टी?"

"सांगता येत नाही, मॅडम. कोपरा आखडेल कदाचित."

सांगता येत नाही... शाळेच्या मैदानावर जन्मभर उन्हात उभं राहून तिनं पोरींना पळवलं ते ओठाच्या याच कोपऱ्यातून शिट्टी घालून, गळ्यातली पत्र्याची शिट्टी कधी तोंडाला लावली नाही. लहानपणी पहिली शिट्टी निघाली तेव्हा आईनं धपाटा घातला होता, आणि ती जिन्यात जाऊन दुसरी वाजवून आली होती—आणि आता बाहेर बाकावर बसलेल्या ताईनं आठवडाभर एकच धोशा लावलेला, जीव मोठा की शिट्टी? जणू दोन्ही वेगळी! घरून निघताना तिनं ठणकावलं होतं, वाटाण्यापलीकडे कुणाला हात लावू देणार नाही.

पण हा तर चोरपावलांनी कोपऱ्यात जाऊन बसला होता. माझ्या कोपऱ्यात... मला न विचारता. आई निदान समोर उभी राहून ओरडायची.

"गोठवा," ती म्हणाली. "पण आरसा माझ्याच हातात राहील."

सुईनं ओठ बधिर झाला. नळीतून गार वाफ फुसफुसली, ओठ पांढराफटक पडला. निळ्या प्रकाशात डॉक्टर वाकून बघत राहिल्या. "चकाकी अजून थोडी या पांढऱ्याच्या बाहेर उरलीय."

तिनं हातानंच खुणावलं—चालू द्या.

नंतर ताई आत आली. "झालं ना एकदाचं? आता तोंड मिटून गप्प पड बघू."

तिनं ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली, फुस्स. पुन्हा तेच. ताईनं पदर डोळ्यांना लावला, आणि तिलाही आज पहिल्यांदाच सरळसरळ भीती वाटली—यायची नाही कदाचित, कधीच... वाटू दे. उजवा कोपरा अजून माझा आहे, तिच्या मनात आलं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं एवढंच. आणि तिनं तोंड तिरकं करून त्या बाजूनं फुंकर घातली.